अण्णांच्या डोहातला मरळ

परवा माझा भाचा गोदावरीच्या काठावर मासे धरायला निघाला. अंगात सतरा खिशांचं जाकीट, हातात चकाकत्या चाकाची फायबरची काठी, डबीत रबराचे हिरवे-पिवळे बेडूक. खिशातल्या मोबाईलवर कुणी एक माणूस तासभर बोलतो आणि शेवटी एक मासा धरतो, ते बघून हे चिरंजीव मासेमारी शिकले आहेत. निघता निघता त्यानं मला विचारलं, "आत्या, तू कधी मासा धरलाय का गं?" त्याचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ रवी, समोरच बसला होता. त्यानं ताबडतोब पेपर तोंडापुढे धरला आणि पार जाहिरातींसकट वाचून काढला. मी भाच्याला म्हटलं, "जा बाबा, ऊन व्हायच्या आत जा." पण तेव्हापासून ते उन्हाळ्याचे दिवस डोक्यातून जाईनात, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर माळकऱ्यांचं. गेवराईच्या पुढं, गोदाकाठाला आमचं गाव. घरात चातुर्मासात कांदा-लसूण बंद, आणि अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी आई कानावर हात ठेवायची. पण आमच्याकडे घर आणि आखाडा अशा दोन जागा होत्या. आखाडा म्हणजे शेतातला गोठा, पत्र्याची खोली आणि पुढचं कडुलिंबाचं झाड. देवाला या आखाड्याचा पत्ता माहीत नाही, अशी आमच्या पुरुषमंडळींची पक्की समजूत होती. लिंबाच्या खोडाला खिळे ठोकलेले होते. तिथं गेलं की गळ्यातली माळ काढून खिळ्याला अडकवायची, तीन दगडांच्या चुलीवर मटण रटरटू द्यायचं, पोटभर खायचं, खळखळून चूळ भरायची आणि माळ गळ्यात घालून शांत चेहऱ्यानं घरी यायचं. मटणाची भगुणी तिथंच, गोठ्याच्या आढ्याला. आई विचारायची, "जेवायला वाढू?" अण्णा म्हणायचे, "आखाड्यावर झालं." याच्यापुढं कधी एक शब्द नाही. आई दुसऱ्या दिवशी त्यांचे कपडे वेगळे भिजत घालायची आणि ते चोळताना ओव्या जरा मोठ्यानं म्हणायची. आईचं माहेर चकलांब्याचं, आणि ती माणसं थोडं बोलून जास्त सांगणारी आहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना त्या काळी पुढारी व्हायचं होतं, म्हणजे ते झालेच होते, फक्त लोकांना अजून कळायचं होतं. पांढरे कडक कपडे होते, जीप होती, आणि गावातला पहिला मोबाईल त्यांच्याकडं होता. तो विटेएवढा मोबाईल घरात चालत नसे. रेंज फक्त नदीकाठच्या उंच टेकाडावर यायची, म्हणून अण्णा दिवसातून दहा वेळा त्या टेकाडावर चढत आणि तिथून बीडला काय बोलायचं ते एवढ्या मोठ्यानं बोलत की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. टेकाडाच्या खाली एक डोह होता. नदीनं केलेला नव्हे, अण्णांनी केलेला. रात्री ट्रॅक्टर खाली उतरायचे, वाळू भरून वर यायचे, आणि असं वर्षानुवर्षं होऊन पात्रात एक भलामोठा खड्डा पडला होता. चौकशीला कुणी साहेब आले तर अण्णाच त्यांना चहा पाजत आणि दोघं मिळून वाळूचोरांच्या नावानं खडे फोडत. बाकी नदी उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत पडायची, पण या खड्ड्यात पाणी राहायचं. कडेनं लव्हाळं माजलं होतं, पाण्यावर शेवाळाची साय धरली होती. गावात सगळे त्याला अण्णांचा डोह म्हणायचे, आणि अण्णा हे कौतुक समजायचे.

त्या उन्हाळ्यात माझा बारावीचा निकाल लागला होता. मला औरंगाबादला कॉलेजात जायचं होतं, हॉस्टेलवर राहून शास्त्र शिकायचं होतं. मार्क चांगले होते, प्रवेश मिळत होता, फक्त अण्णांनी हो म्हणायचं बाकी होतं आणि प्रवेशाची मुदत पुढच्या सोमवारपर्यंतच होती. अण्णांचं म्हणणं, "शिकून काय कलेक्टर व्हायचंय? वाघळूजच्या पाव्हण्यांना फोटो धाडलाय." मी जेवण सोडून बघितलं. आमच्या घरात निम्मी माणसं कुठल्या ना कुठल्या उपासावर असायची, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

अशात साहेब आले. साहेब म्हणजे ज्यांच्या हातात जिल्हा परिषदेची तिकिटं होती ते. गेवराईच्या बैठकीत चहा पिता पिता ते म्हणाले म्हणे, "लहानपणी मामाच्या गावाला काठावर बसून गळानं मरळ धरायचो. जाळ्यातल्या माशाला ती चव न्हाई राव. गळाचा मरळ खाऊन लई वर्सं झाली." हे वाक्य बोलून साहेब दुसऱ्या विषयाकडे वळलेही असतील. पण तिकिटासाठी बसलेल्या सगळ्यांनी ते झेललं, आणि सगळ्यांच्या आधी आमचे अण्णा उठले. "साहेब, आमच्या डोहात मरळच मरळ हायेत. येत्या रविवारी या. आपल्या डोळ्यांदेखत काढून दावतो." साहेब मान डोलावून म्हणाले, "येतो." अण्णांनी आयुष्यात डोहात वाकून पाहिलं नव्हतं. त्यात मासे आहेत की म्हशी, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

घरी येऊन अण्णांनी आधी पंचांग काढलं. रविवारी एकादशी नाही याची खात्री केली. मग टेकाडावर चढून पुण्याच्या मामांना फोन लावला. सुधाकरमामा सरकारी नोकरीत होते आणि त्यांना सगळं येत असे. मामा दुसऱ्याच दिवशी एक परदेशी काठी घेऊन उतरले. तिला चाक होतं, आणि ते फिरवलं की घड्याळाला चावी देताना येतो तसा कर्रकर्र आवाज यायचा. तो आवाज ऐकायला अर्धं गाव जमलं. तेवढ्या माणसांसमोर अण्णांना राहवेना. टेकाडावर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "ऐका रे समदे! जो कुणी ह्या डोहातून मरळ काढील, तो मागंल ते देईन. ह्या अण्णाचा शब्द हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रवी म्हणाला, "मला मोटारसायकल." मी घागर घेऊन खाली उभी होते. 'जो कुणी' हे शब्द मी नीट ऐकले.

दुसऱ्या दिवशी मासेमारी सुरू झाली. पाण्याला नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. काठावर सतरंजी अंथरली, पानाचा डबा आला, थर्मासमधून चहा आला, आणि मग खरा प्रश्न उभा राहिला की गळाला लावायचं काय. कुणीतरी म्हणालं गांडूळ. अण्णांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "सकाळच्या पारी गांडुळाची हत्या करायची? आपण माळकरी हाय बे!" मासा मारण्याचं काय, असं कुणी विचारलं नाही, कारण त्याचा निकाल आधीच लागला होता. मासा आपण नुसता धरणार. त्याला कापणार आखाड्यावरचा गडी, शिजवणारही तोच, आणि खाणार साहेब. यात आपल्या अंगाला पाप चिकटायला जागाच नव्हती. गांडूळ मात्र स्वतःच्या हातानं टोचावं लागतं, ते थेट खात्यावर जमा होतं. मामांनी लगेच शास्त्रीय आधार दिला, "गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे." मित्राला गळाला कसं लावायचं? तेव्हा ठरलं, कणकेच्या गोळ्या.

आईनं कणीक मळून दिली. पहिल्या दिवशी साधी. काही लागेना म्हणून दुसऱ्या दिवशी हळद आणि गूळ घालून. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, माशाला तूप आवडतं, तेव्हा तूप घालून. "ताई, वेलदोडा हाय का?" असंही त्यांनी विचारलं, त्यावर आईनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्या गोळ्या मी काठावर नेऊन द्यायची. बोटाएवढ्या मासळ्या त्या कुरतडून खायच्या, कासवं येऊन बसली होती, आणि चार दिवसांत डोहातली सगळी बारीक जनता आमच्या घरचं तूप खाऊन तुकतुकीत झाली. मामांनी दोरी फेकली की ती मागच्या बाभळीत अडकायची. पुढं फेकायची वस्तू मागं कशी जाते हे मला त्या वयात कळलं नाही, आणि पुढारी लोक बघितल्यावर त्याचं नवलही वाटेनासं झालं. बाभळीत अडकलेली दोरी रवी कापायचा, मामा नवीन बांधायचे. आणि मध्येच अण्णांचा फोन वाजायचा. ते टेकाडावरून "हां साहेब! जोरात चालू हाय साहेब!" असं ओरडले की उरलीसुरली मासळीही तळाला जायची.

मी मात्र पाण्याकडे बघत बसायची. घरी गेलं तर स्थळाचं बोलणं, त्यापेक्षा काठ बरा. एका दुपारी सगळे सावलीत पसरले होते. लव्हाळ्याजवळ पाण्यातून एक काळं तोंड वर आलं, 'गुळुक' असा आवाज झाला आणि ते खाली गेलं. थोड्या वेळानं पुन्हा तिथंच. तो मरळ होता, माझ्या हाताएवढा लांब. तो हवा घ्यायला वर येत होता, आणि त्याच्या नाकासमोर कणकेच्या गोळ्या तरंगत होत्या, त्यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. मग काठावरच्या एका बेडकानं पाण्यात उडी मारली. पाणी एकदाच ढवळलं आणि बेडूक संपला. मी धावत अण्णांकडे गेले. "अण्णा, तो बेडूक खातो! गोळी न्हाई खात!" अण्णांनी डोळ्यांवरचा रुमालही न काढता सांगितलं, "पोरीच्या जातीनं असलं काय बघू नये. घरी जा, आईला म्हणावं उद्याच्याला तूप जास्त टाक."

मग मी माझी मासेमारी वेगळी सुरू केली. बाभळीतून मामांची कापलेली दोरी सोडवली, तिलाच एक गळ लटकत होता. परसातली शेवगा काढायची बांबूची आकडी घेतली. पहाटे पाण्याला जाते म्हणून निघायचं आणि डोहाच्या पलीकडच्या टोकाला, लव्हाळ्यात शिरायचं. बेडूक धरणं ही सोपी गोष्ट नाही. ज्या मुलीनं जन्मात झुरळ मारलं नाही, तिनं ओल्या, धडधडत्या बेडकाला मुठीत धरून त्याच्या पाठीतून गळ घालायचा. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि तरी मी तो लावला, कारण मला औरंगाबादला जायचं होतं. त्या वयात माणसाची दया किती खोल जाते आणि कुठं थांबते ते मला तिथं कळलं. काठावरच्या माळकऱ्यांना हसायचा माझा हक्क मी त्या सकाळी निम्मा गमावला. निम्मा अजून राखून आहे.

पहिल्या दिवशी मरळानं बेडूक धरला आणि मी जिवाच्या आकांतानं काठी उपसली. हातात आली नुसती दोरी. दुसऱ्या दिवशीही तेच. रात्री भाकऱ्या थापताना डोक्यात तेच चाललं होतं. तव्यावरची भाकरी फुगायच्या आत मी उलटली, ती फाटली, आणि आई म्हणाली, "एवढी कावून घाई करतीस? तिला पदर सुटू दे की." तेव्हा मला मरळ कळला. तो बेडूक आधी दातात नुसता धरतो. घेऊन खाली जातो. मग गिळतो. मधल्या वेळात ज्याला दम निघत नाही त्याच्या हाती काही लागत नाही. आज भाच्याच्या मोबाईलमधला माणूसही हेच सांगतो, फक्त त्याला तासभर लागतो.

शनिवारी संध्याकाळपर्यंत काठावरच्या मंडळींना एक कासव आणि एक चप्पल एवढंच मिळालं होतं. अण्णांचा चेहरा उतरला. शेवटी मामांना युक्ती सुचली. रवी मोटारीनं गेला आणि बाजारातून थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात घातलेला एक थोरला मरळ घेऊन आला. कुठल्या तळ्यातला, कधीचा मेलेला, देवाला ठाऊक. ओसरीवर बसूनच सगळा बेत ठरला. मासा सकाळीच गळाला अडकवून पाण्यात सोडायचा. साहेब जीपमधून उतरले की मामांनी ओरडायचं, रवीनं चाक फिरवायचं. मी आत तांदूळ निवडत सगळं ऐकत होते. आईही ऐकत होती. आई एवढंच म्हणाली, "मेलेल्याला पुन्हा बुडवायलेत."

रविवारी साहेब आले. पाच जीपगाड्या, गेवराईचा फोटोग्राफर, आखाड्यावर मांडव. मी पहाटेच लव्हाळ्यात जाऊन बसले होते. साहेबांचा एक पाय अजून जीपमध्येच होता तोच मामा किंचाळले, "लागला! लागला!" रवी चाक फिरवत मागं रेलला, दात-ओठ खाल्ले, दोनदा खोटा खोटा पुढं ओढला गेला. मासा लाकडासारखा ताठ वर आला. त्यानं शेपटीसुद्धा हलवली नाही, तेव्हा रवीनंच काठी हलवून त्याची शेपटी हलवली. गळ तोंडात नव्हता, कल्ल्यात अडकवला होता. शेपटीला थर्माकोलचा पांढरा दाणा चिकटला होता, तो अण्णांनी माशाला कुरवाळतोय असं दाखवून पुसून घेतला. फोटो निघाले. अण्णा माशाकडे बघतायत, साहेब माशाकडे बघतायत, मासा आभाळाकडे बघतोय. मग अण्णांचा आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत आला. "आपल्या शब्दाला आपण जागतो साहेब! रव्याला मोटारसायकल दिली!"

टाळ्या झाल्या. मंडळी आखाड्याकडे गेली. मला रडू आलं, रागाचं रडू. बाजारातल्या माशाला शब्द मिळाला, आणि मी इतके दिवस चिखलात बसले ती कुणाच्या खिजगणतीत नव्हते. मी काठी टाकून उठणार होते. पण गळाला बेडूक होता, आणि आता घरी जाऊन तरी काय करायचं होतं? मी तशीच बसले. ऊन वर चढलं. आखाड्यावरून काळ्या मसाल्याचा वास यायला लागला, हसण्याचे आवाज यायला लागले. आणि दोरी हळूच एका बाजूला सरकू लागली.

मी ओढली नाही. दात दाबून बसले. दोरी सरकत लव्हाळ्याच्या मुळापर्यंत गेली, थांबली, पुन्हा सरकली, आणि मग मी उभी राहून सगळ्या अंगानिशी मागं गेले. आकडी कमानीसारखी वाकली. पाणी फुटलं. त्यानं मला गुडघ्यापर्यंत आत ओढलं, माझी एक चप्पल चिखलात कायमची गेली, तो मुळांत शिरायला बघत होता आणि मी त्याला शिव्या देत होते, ज्या मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी मी काठी टाकली, दोरी हाताला गुंडाळली आणि त्याला काठावर घेऊन त्याच्यावर आडवी पडले. ओढणीत गुंडाळला तरी तो उसळत होता. हाताला दोरीचे वळ उठले होते. मी हसत होते, एकटीच, मोठमोठ्यानं. इतका आनंद मला त्यानंतर फार थोड्या वेळा झालाय.

तशीच, चिखलानं माखलेली, एका पायात चप्पल, मी आखाड्यावर गेले. पंगत बसलेली. लिंबाच्या खिळ्यांना माळाच माळा. साहेबांच्या ताटात रस्सा. मी ओढणी सोडली आणि मरळ मांडवाच्या मधोमध फडफड करत उड्या मारू लागला. लोकांनी ताटं उचलली. अण्णा पांढरेफटक पडले.

साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. "कशावर धरला बाळ?"

"बेडकावर."

"अन् तुझ्या भावानं?"

मी रवीकडे बघितलं. रवी ताटाकडे बघत होता. "कणकेच्या गोळीवर," मी म्हणाले, "तूप घातलेल्या."

मग साहेबांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, मामांनी पाणी दिलं. "अण्णा," ते डोळे पुसत म्हणाले, "मरळ कणीक खात न्हाई, हे मला पाचव्या वर्षापासून ठावं हाय. बर्फातला मासा तर मी पहिल्या घासाला वळखला. पण काय काम केलंत राव! मेलेला मासा जित्ता करून दावला, फोटो काढले, बक्षीस बी वाटलं. असाच माणूस आपल्याला पाहिजे. तिकीट तुमचं." सगळे एकदम हसले, अण्णा सगळ्यात मोठ्यानं. साहेबांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "पोरीला घरी धाडा, उन्हात हाय." माझ्याबद्दल एवढंच. अण्णांनी मला बाजूला घेतलं आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "शब्द मी पोरांना दिलता. पोरीनं मासा धरला म्हणून गावभर झालं तर पाव्हणे फोटो परत धाडतील. जा, टाकून दे ते."

मी टाकला नाही. घरी नेला, आईच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं, अण्णांच्या शेवटच्या वाक्यासकट. मग तिनं पदर खोचला. चुलीतली राख घेतली आणि त्या राखेनं मासा घासायला लागली. मी म्हटलं, "आई, तुला येतं?" ती म्हणाली, "न्हाई. वांगं येतं. तसंच करते." तिला त्याचा स्पर्श सहन होत नव्हता, तोंड एका बाजूला फिरवून ती घासत होती, पण थांबली नाही. मीठ-हळद लावली, येसराचं मसालेदार पीठ भाजून घातलं, आणि घरातल्या चुलीवर, देवघराच्या भिंतीपलीकडे, आमच्या वरणाच्या भगुण्यात तो मासा चढवला. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. मला भीती वाटायला लागली. आईच्या कपाळावर मात्र आठी नव्हती.

दिवे लागायच्या सुमाराला अण्णा आले, खुशीत, गळ्यात हार आणि माळ. मागोमाग गल्लीतून टाळ-मृदंगाचा आवाज येऊ लागला. भजनी मंडळ अण्णांचा सत्कार करायला निघालं होतं. त्या मंडळाचे बुवा ज्याला चांगला म्हणतील त्याला निम्मं गाव मत द्यायचं. अण्णांनी उंबऱ्यात पाय ठेवला आणि जागीच थांबले. नाक वर केलं.

"काय शिजायलंय?"

"तुमच्या डोहातला मरळ," आई म्हणाली. ती चुलीपाशी उभी होती आणि भगुण्यावरचं झाकण तिच्या हातात होतं. वाफ सरळ दारातून गल्लीकडे चालली होती.

"घरात? तुला येड लागलं का? भजनी मंडळ यायलंय! झाकण ठेव आधी."

"ठेवते की. टेकाडावर हुबं राहून तुमी म्हणलात, जो कुणी काढील तो मागंल ते. आपल्या सुमीनं काढला. ती औरंगाबाद मागायली."

"ते उद्या बघू. झाकण ठेव!"

"उद्या कावून? बुवा आले की त्यांना बी इचारू. म्हणावं, बुवा, शब्द 'जो कुणी' असा हुता, तर पोरगी त्याच्यात येती का न्हाई? आन् बसा, जेवून जावा."

मृदंग शेजारच्या दारापर्यंत आला. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा नीट बघितलं असं मला वाटलं. माझ्या हातावरचे वळ, चिखल, सगळं.

"जाऊ दे तिला," ते म्हणाले.

"कुठं?"

"औरंगाबादला! जाऊ दे म्हणलो न्हवं! ठेव ते झाकण!"

आईनं झाकण ठेवलं, वर पाण्याचा तांब्या ठेवला आणि देवापुढे मूठभर धूप जाळला. मंडळ अंगणात आलं. तास-दीड तास भजन झालं. बुवांची नाकपुडी मध्ये मध्ये हलत होती, पण त्यांनी अण्णांना हार घातला आणि "असं सोवळं घर तालुक्यात न्हाई" असं सगळ्यांसमोर सांगितलं. अण्णा हात जोडून ऐकत होते. अण्णांचा पुढं निवडणुकीत काय निकाल लागला, ते सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की पुढच्या वेळी तो गट बायकांसाठी राखीव झाला आणि पत्रकावर आईचं नाव छापून आलं. त्यावर फोटो अण्णांचाच होता.

आईनं मला आतल्या खोलीत बसवून वाढलं. ती स्वतः खाणार नव्हती, समोर बसून राहिली. खरं सांगते, मला तो आवडला नाही. जन्मात पहिल्यांदा मासा तोंडात घातला होता, काटे लागत होते, वास सोसत नव्हता. आई विचारत होती, "कसा झालाय?" मी म्हणत होते, "लई चांगला." आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिखटानं नव्हतं. एका जन्मात कुणी आपल्यासाठी एवढं करत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

मंडळी गेल्यावर अण्णा आत आले. आखाड्यावर पाहुण्यांना वाढण्याच्या गडबडीत त्यांच्या वाट्याला रस्साच आला होता, तोही बर्फातल्या माशाचा. ते दाराला टेकून थोडा वेळ घुटमळले. भगुण्याकडे बघितलं. मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "उरलाय का थोडा?"

"उरलाय," आई म्हणाली. "पण तो तिच्या डब्यात बांधायचाय. उद्या सकाळच्या गाडीनं तुमी तिला औरंगाबादला घेऊन चाललात."

अण्णांनी भगुण्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि मग त्यांनी गाडी किती वाजता आहे ते विचारलं.